कळवणसाठी सामायिक कार्यस्थान : वास्तू आणि वहिवाट

नाशिक शहराच्या उत्तरेस सुमारे ऐंशी किलोमीटरवर असलेले कळवण हे दोन प्रदेशांच्या संगमावरचे गाव आहे. तालुक्याच्या पूर्व भागात गिरणा खोऱ्यातील बागायती गावे आहेत. कांदा, मका आणि ऊस ही तेथील पिके. पश्चिमेकडे सुरगाण्याच्या दिशेने जमीन चढत जाते आणि भात, नागली, वरई यांवर गुजराण करणाऱ्या आदिवासी बांधवांचा डोंगराळ मुलूख सुरू होतो. बाजार समितीचे आवार, आठवडे बाजार, तहसील कचेरी आणि एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय या ठिकाणी हे दोन्ही भाग एकमेकांस भेटतात. परंतु ही भेट देवघेवीची किंवा अर्ज-विनंतीची असते. एकत्र बसून एखादी अडचण सोडविण्याची नसते.

अशा तालुक्यात सर्वांना खुले असलेले एखादे सामायिक कार्यस्थान उभे करावयाचे झाल्यास ते कसे असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. पंचायतींचे सदस्य, शिक्षक आणि विस्तार कार्यात गुंतलेले अधिकारी यांच्यापुढे हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे. तो आला म्हणजे प्रथम चर्चा होते ती जागेची, आराखड्याची आणि उद्‍घाटनाची. वास्तविक चर्चेचा आरंभ दुसरीकडून व्हावयास हवा.

कल्पना कोठून आली?

एकाच छपराखाली निरनिराळे व्यवसाय करणाऱ्यांनी टेबल, वीज, दूरसंचार आणि सहवास वाटून घ्यावा, या व्यवस्थेस ‘को-वर्किंग’ हे नाव २००५ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे रूढ झाले. ब्रॅड न्यूबर्ग या संगणकतज्ज्ञाने तेथे असे पहिले ठिकाण चालू केले. नोकरीतील सोबत आणि स्वतंत्र व्यवसायातील मोकळीक या दोन्ही गोष्टी एकत्र मिळाव्यात, हा त्यामागचा हेतू होता. पुढे ही पद्धत मोठ्या शहरांतून पसरली. आपल्याकडे मुंबई-पुण्यात ती बहुतांशी भाड्याच्या कचेऱ्यांच्या रूपाने दिसते.

कळवणसारख्या गावी या पद्धतीची हुबेहूब नक्कल उपयोगाची नाही. येथे संगणकावर काम करणारे तरुण आहेत, आणि त्यांना शांत जागा, अखंड वीज व चांगली जोडणी हवी आहे, हे खरे. परंतु येथील कामकरी समाजाचा मोठा भाग हाताने काम करणारा आहे. चाळीत साठविलेला कांदा सडू लागल्याचे वेळीच कसे कळावे, लहान वाफ्यास बेताचे पेरणी-अवजार कसे करावे, वरईचे टरफल काढण्याचे स्त्रियांचे कष्ट कसे कमी व्हावेत, असे त्यांचे प्रश्न आहेत. या प्रश्नांना टेबल-खुर्ची पुरत नाही. त्यांस ऐरण लागते, पकड लागते, वजनकाटा लागतो. म्हणून ग्रामीण कार्यस्थान हे निम्मे बैठकीचे आणि निम्मे कर्मशाळेचे असावे लागते.

पहिला धडा : फडाचा

सामायिक साधन नीट चालविण्याची विद्या या मुलखास नवी नाही. शेजारच्या बागलाण तालुक्यातून वाहणाऱ्या मोसम व आरम या गिरणेच्या उपनद्या, आणि धुळे जिल्ह्यातील पांझरा, यांवर फड पद्धतीचे सिंचन तीन-चारशे वर्षांपासून होत आले. नदीवर बंधारा, त्यातून निघणारा कालवा, कालव्यातून चाऱ्या, आणि जादा पाणी परत नदीकडे नेणाऱ्या वाटा, अशी तिची रचना. भिजणारी जमीन मोठ्या तुकड्यांत विभागली जाई. हा तुकडा म्हणजे फड. कोणते फड यंदा भिजवावयाचे आणि कोणते पडीक ठेवावयाचे, हे गावकरी दरवर्षी मिळून ठरवीत. एका फडात एकच पीक घेतले जाई. पाणी देण्यास पाटकरी असे, राखण करण्यास जागल्या असे, आणि कालव्याची साफसफाई लाभधारक स्वतः करीत.

या पद्धतीकडे अभ्यासक स्थापत्याचा नमुना म्हणून पाहतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिची दुसरी बाजू अधिक मोलाची आहे. बंधारा दगडाचा होता. परंतु तो शतकानुशतके उपयोगी राहिला तो दगडामुळे नव्हे, तर वहिवाटीमुळे. पाणी कोणास, केव्हा आणि किती, हे सर्वांस ठाऊक होते. देखभाल कोणाकडे, हे ठरलेले होते. त्या माणसास त्याच्या श्रमाचा मोबदला मिळत होता. आणि निर्णय दरवर्षी नव्याने, सर्वांच्या समक्ष होत होता. सामायिक पाण्यास जे नियम लागले, तेच सामायिक हत्यारांस व यंत्रांस लागतात.

याउलट आपल्या गावोगावी दिसणारे एक चित्र आठवावे. एखादे सभागृह उभे राहते, त्यावर नामफलक लागतो, आणि काही महिन्यांनी दारास कुलूप लागते. किल्ली कोणाकडे आहे, याची चौकशी करण्यातच येणाऱ्याचा दिवस जातो. वास्तू असते, वहिवाट पडलेली नसते.

दुसरा धडा : पाबळचा

आधुनिक यंत्रे आणि खेड्यातील गरजा यांची सांगड घालण्याचा एक लक्षणीय प्रयत्न आपल्याच राज्यात झाला आहे. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रमाची स्थापना केली. डॉ. कलबाग हे अन्नतंत्रज्ञानाचे संशोधक. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली होती. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागातील जबाबदारीचे पद मुदतीपूर्वीच सोडून ते सपत्नीक पाबळला राहावयास गेले. पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन या शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी स्थापिलेल्या संस्थेच्या आधाराने हे काम सुरू झाले.

शाळा अर्धवट सोडलेल्या मुलांस प्रत्यक्ष कामातून शिक्षण द्यावे, हा या प्रयोगाचा गाभा होता. अभ्यासक्रमाचे चार भाग केले गेले : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. विद्यार्थ्यांनी केलेले काम हे सरावापुरते नसे. गावातील लोकांस जे हवे असेल ते करून देणे, आणि त्याचा रास्त दाम घेणे, हा शिक्षणाचाच भाग मानला गेला. जोडकाम करावयाचे, विहिरीसाठी भूगर्भातील पाण्याचा अंदाज घ्यावयाचा, अशी कामे करता करता मुले शिकत गेली. अर्धगोलाकार घुमटाची घरे आणि लहान शेतकऱ्यास परवडेल असे यंत्रशक्तीवर चालणारे वाहन, यांसारखे प्रयोगही येथे झाले. यातूनच ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय माध्यमिक शाळांतून शिकविला जाऊ लागला.

अमेरिकेतील एम.आय.टी. या विख्यात तंत्रशिक्षण संस्थेतील प्रा. नील गर्शेनफेल्ड यांनी संगणकाच्या आज्ञेने वस्तू घडविणाऱ्या लहान प्रयोगशाळेची कल्पना मांडली होती. ‘फॅब लॅब’ या नावाने ती ओळखली जाते. त्यांच्या संस्थेबाहेरील जगातील पहिली अशी प्रयोगशाळा २००२ मध्ये पाबळ येथे सुरू झाली. आज शंभराहून अधिक देशांत अशा प्रयोगशाळा आहेत. डॉ. कलबाग यांचे २००३ मध्ये निधन झाले. त्यांचे कार्य पुढे चालू राहिले.

या इतिहासातील क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. संगणकीय यंत्रे पाबळला आली ती आश्रम सुरू झाल्यानंतर एकोणीस वर्षांनी. तोपर्यंत गावकऱ्यांस तेथे अडचण घेऊन जाण्याची सवय लागली होती, आणि मुलांस अडचण सोडविण्याची. प्रथम काम, मग माणूस, मग हत्यार, आणि सर्वांत शेवटी भारी यंत्र, असा हा क्रम आहे. तो उलटा केला तर यंत्रांवर धूळ बसण्यास वेळ लागत नाही.

जागेची निवड

आता कळवणचा विचार करू. कार्यस्थानाची जागा निवडताना ती कोणाच्या मालकीची आहे, याइतकेच तेथे कोणाची पावले सहज वळतात, हेही पाहावे. पश्चिम भागातून येणारा माणूस एस.टी.ने अगर सामायिक जीपने येतो, आणि परतीची गाडी त्यास गाठावयाची असते. बसस्थानकापासून अथवा बाजाराच्या जागेपासून पायी दहा मिनिटांच्या आतले ठिकाण त्याच्या कामाचे. गावाबाहेरची प्रशस्त परंतु दूरची जागा ही बहुधा वाहनधारकांपुरती राहते.

नवी इमारत हवीच, असेही नाही. वापरात नसलेले गोदाम, शाळेची जुनी इमारत अथवा रिकामे सभागृह चालू शकते. एक वर्ष अशा जागेत काम करून पाहिले म्हणजे आराखडा कागदावरून नव्हे, अनुभवावरून काढता येतो.

आराखडा

वास्तूचे चार भाग कल्पावेत.

पहिला भाग ओटा. रस्त्यास लागून, छपराखाली, बसण्यास मोकळा. आत जाण्याचा संकोच वाटणारा माणूस प्रथम ओट्यावर बसतो. येथे पिण्याचे पाणी, सूचनाफलक आणि वर्तमानपत्रे असावीत. चावडी व पार यांनी गावास जे दिले, ते या ओट्याने द्यावे.

दुसरा भाग शांत खोली. दहा-पंधरा जणांस संगणक घेऊन बसता येईल, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास अगर पिकाचा हिशेब करता येईल, दूरस्थ तज्ज्ञाशी पडद्यावर बोलता येईल, अशी. सौर पट्ट्या आणि विजेचा साठा यांची सोय हिच्यासाठी प्रथम करावी. कारण वीज गेली की काम थांबते, हा अनुभव दोनदा आला तर येणारा तिसऱ्यांदा येत नाही.

तिसरा भाग कर्मशाळा. ही शांत खोलीपासून भिंतीने व मधल्या मोकळ्या पट्टीने अलग असावी. अन्यथा ठोकाठोकीचा आवाज आणि धूळ यांमुळे दोन्ही कामे बिघडतात. ट्रॅक्टरची ट्रॉली आत घेता येईल एवढे रुंद दार हवे. आपल्याकडे पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते, म्हणून हे दार पूर्वेस ठेवणे हिताचे. उजेड उत्तरेच्या खिडक्यांतून यावा. तो दिवसभर सारखा राहतो आणि मापे घेताना डोळ्यांवर येत नाही. त्रिकल वीजजोडणी, उत्तम अर्थिंग, अग्निशामक आणि प्रथमोपचार पेटी यांवाचून एकही यंत्र चालू करू नये.

चौथा भाग कोठी. हत्यारांची जागा भिंतीवर रेखाटून ठेवावी. पकडीच्या आकृतीवर पकड नसली, तर ती कोणाकडे आहे, हे पाहणाऱ्यास तत्काळ कळते.

स्त्रियांसाठी स्वतंत्र, स्वच्छ व कडी लागणारे स्वच्छतागृह आणि लहान मुलांस ठेवता येईल असा कोपरा, या गोष्टी शेवटी जागा उरली तर करावयाच्या नाहीत. त्या नसतील तर बचत गटातील भगिनी येणार नाहीत, आणि वरई भरडण्याच्या यंत्राचा प्रश्न ज्यांचा आहे त्याच चर्चेबाहेर राहतील.

हत्यारे टप्प्याटप्प्याने घ्यावीत. प्रथम सुतारकामाची व लोहारकामाची साधी हत्यारे, जोडणीचे व भोके पाडण्याचे यंत्र, मापनाची साधने, वजनकाटे, धान्यातील ओलावा मोजण्याचे उपकरण आणि दोन-तीन संगणक. दुसऱ्या टप्प्यात विद्युत-जोडणीचे टेबल व तापमान-आर्द्रता मोजणारे संवेदक. कांदा चाळीतील हवेचा अभ्यास त्यावर करता येईल. संगणकाच्या आज्ञेने घडविणारी किंवा कापणारी यंत्रे तिसऱ्या टप्प्यात, आणि तीही ती चालविणारी दोन माणसे तयार झाल्यावर.

किल्ली आणि नोंदवही

कार्यस्थानाचे यश दोन साध्या वस्तूंवर अवलंबून राहील.

पहिली वस्तू किल्ली. ती पदाधिकाऱ्याच्या घरी नसावी. पूर्ण वेळ मानधनावर नेमलेला एक कार्यवाह असावा, आणि त्याच्या गैरहजेरीत जबाबदारी घेणारा दुसरा माणूस ठरलेला असावा. हाच येथला पाटकरी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेला, हाताने काम करणारा आणि माणसांशी आदराने बोलणारा तरुण अगर तरुणी या जागी योग्य. त्यास तालुक्याच्या दोन्ही भागांतील बोली समजत असेल तर अधिक चांगले. यंत्रांची मागणी पाठविण्यापूर्वी या व्यक्तीच्या तीन वर्षांच्या मानधनाची तरतूद करावी. यंत्रांसाठी निधी मिळतो, माणसासाठी मिळत नाही, असा आपला नेहमीचा अनुभव आहे. म्हणूनच हा मुद्दा प्रस्तावाच्या पहिल्या पानावर हवा.

दुसरी वस्तू अडचणींची नोंदवही. येणाऱ्या प्रत्येकाने आपली अडचण तीत लिहावी. लिहिता येत नसेल तर कार्यवाहाने ती त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी. महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, ही वही ओट्यावर मोठ्याने वाचली जावी. एकाची अडचण दुसऱ्याने आधीच सोडविलेली असते, हे अशा वाचनातून वारंवार आढळून येईल. सहकार्य हे भाषणाने वाढत नाही. माझा प्रश्न दुसऱ्याच्या कानावर पडला म्हणजे वाढते.

वेळापत्रकही लोकांच्या दिनक्रमावरून आखावे. सकाळ शाळा-महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांस, दुपार बचत गटांस व बाहेरगावाहून येणाऱ्यांस, संध्याकाळ कारागिरांस. बाजाराच्या दिवशी सुट्टी नको. यंत्राचा आकार तासावर, बसण्याचा दिवसावर, आणि तो नाममात्र परंतु सर्वांस सारखा असावा. पूर्ण मोफत वस्तूची देखभाल कोणी करीत नाही, आणि महाग वस्तूपर्यंत गरजू पोहोचत नाही. ज्यास पैसे देणे शक्य नाही, त्याने श्रम द्यावेत. जमाखर्च दर तिमाहीस फलकावर लावावा आणि ग्रामसभेत वाचावा.

श्रेय कोणाचे?

नव्या कल्पनेस जागा देताना तिच्या धन्याचे रक्षण करणे अगत्याचे आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांचे उदाहरण या संदर्भात विसरता येणार नाही. १९८३ च्या सुमारास भाताच्या पिकात त्यांना काही वेगळ्या ओंब्या दिसल्या. वर्षानुवर्षे निवड करीत त्यांनी बारीक दाण्याचे जे वाण सिद्ध केले, ते ‘एचएमटी’ या नावाने दूरवर पसरले. व्यापार मोठा झाला, पुरस्कारही मिळाले. परंतु त्या पिकाने निर्माण केलेल्या संपत्तीचा अत्यल्प अंश त्यांच्या पदरी पडला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

शेतकऱ्यास आपल्या वाणाची नोंदणी करण्याचा हक्क देणारा वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ मध्ये संमत झाला. आज हक्क आहे. पण त्याची माहिती देणारे व अर्ज भरून देणारे ठिकाण जवळ हवे. कार्यस्थानात म्हणून दुसरी एक वही ठेवावी. कोणी काय केले, कोणत्या तारखेस केले, कोणी साहाय्य केले, हे छायाचित्रासह व साक्षीदारांच्या सहीनिशी तीत नोंदवावे. एकस्व मिळविण्याजोगी वस्तू असेल, तर अर्ज करण्यापूर्वी तिचे जाहीर प्रदर्शन करू नये, हेही कार्यवाहाने आवर्जून सांगावे. फॅब लॅबच्या सनदेतील तत्त्व येथे मार्गदर्शक ठरेल : कल्पना जपण्याचा व विकण्याचा हक्क निर्मात्याचा, परंतु इतरांस त्यातून शिकता यावे, ही अपेक्षा.

निधी आणि मूल्यमापन

कळवण तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०१५ मध्ये घेतला. त्याच्या विनियोगात ग्रामसभेचा शब्द महत्त्वाचा आहे. अनेक ग्रामपंचायतींनी मिळून असे एखादे स्थान चालविण्याची इच्छा व्यक्त केली, तर ते कोणत्या बाबीखाली बसते, हे गटविकास अधिकारी व प्रकल्प कार्यालय यांच्याशी विचारविनिमय करून पाहता येईल. २०१६ पासून सुरू झालेल्या अटल नवोन्मेष अभियानातून ज्या शाळांस प्रयोगशाळा मिळाल्या आहेत, त्यांच्या शिक्षकांनी या कामी पुढाकार घेतल्यास शाळेतील साधने आणि गावातील प्रश्न यांची गाठ पडेल.

वर्षअखेर अहवाल लिहिताना किती पाहुणे आले, किती शिबिरे झाली, यावर भर देण्याचा मोह टाळावा. पाच प्रश्न पुरेसे आहेत. वहीत किती अडचणी आल्या? त्यांपैकी किती सुटल्या? एकदा आलेली किती माणसे पुन्हा आली? त्यांत स्त्रिया किती व पश्चिम भागातील गावांची किती? आणि ठरलेल्या वेळी दार बंद आढळले, असे दिवस किती? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर इतर चारांची किल्ली आहे.

समारोप

पश्चिमेच्या गावात एखादा तरुण जुन्या सायकलच्या सुट्या भागांतून कोळपे तयार करतो, आणि पूर्वेच्या गावातील शेतकरी तशाच अवजाराच्या शोधात शहराची बाजारपेठ पालथी घालतो. त्या दोघांची गाठ पडत नाही, म्हणून पहिला रोजगारासाठी शहराची वाट धरतो आणि दुसरा कर्जाने यंत्र आणतो. या नुकसानीची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. ते टाळण्यास मोठी इमारत लागत नाही. ठरलेल्या वेळी उघडणारे एक दार, त्यामागे जबाबदारीने बसलेला एक माणूस, आणि ओट्यावर वाचली जाणारी एक वही, एवढ्यावर आरंभ करता येतो. फडाच्या पाण्याची वाटणी ज्यांच्या पूर्वजांनी शतकानुशतके तंट्याविना चालविण्याचा प्रयत्न केला, त्या खोऱ्यास हे अवघड वाटू नये.